चुकायचं कोणत्या भाषेत?

चेंडू सरळ वर फेकला. हातातून सुटून तो वर जात असताना त्याच्यावर कोणतं बल काम करत असतं? सेमी इंग्रजीच्या नववीत हा प्रश्न इंग्रजीतून घातला, की हुशार मुलाच्या वहीत उत्तर तयार असतं: फक्त गुरुत्वाकर्षणाचं, खालच्या दिशेनं, एम गुणिले जी. हवेचा विरोध सोडून दिला तर उत्तर बरोबर. आता त्याच मुलाला मधल्या सुट्टीत गाठून मराठीत विचारावं, की काय रे, हातातून सुटल्यावरही चेंडू वर का जात राहतो? तो म्हणतो, आपण जोर दिलेला असतो ना त्याला. मग थांबतो कशानं? जोर संपतो. आणि खाली का येतो? जोर संपल्यावर येणारच की.

ही दोन उत्तरं एकाच डोक्यात एकमेकांची ओळख नसल्यासारखी नांदत असतात. त्यातलं दुसरं मूर्खपणाचं नाही. जगभरातली मुलं, त्यांची भाषा कुठलीही असो, थोड्याफार फरकानं हेच सांगतात. चौदाव्या शतकात पॅरिसला शिकवणाऱ्या ज्याँ बुरिदाँनंही फेकलेल्या वस्तूत एक आवेग भरला जातो, अशी मांडणी केली होती आणि ती त्या काळातली प्रगत मांडणी होती. न्यूटनपर्यंत पोचायला माणसाला हा टप्पा ओलांडावा लागला. मुलालाही ओलांडावा लागतो. पण त्यासाठी तो आधी कुणाच्या तरी कानावर पडला पाहिजे. 'जोर' हा शब्द वर्गात उच्चारलाच गेला नाही, तर बल, वेग आणि ऊर्जा या तिन्ही गोष्टी या मुलानं एकाच शब्दात कोंबल्या आहेत हे शिक्षकाला कळणार कसं? जोरात ढकल, जोरात पळ, जोरात बोल. घरी सगळं जोरातच चाललेलं असतं. इंग्रजी 'फोर्स' हा शब्द त्या गुंत्याला हातही न लावता वरून निघून जातो.

माध्यमाच्या वादात आपण गेली पावणेदोनशे वर्षं एकच प्रश्न विचारत आलो आहोत: गणित-विज्ञानाचं बरोबर उत्तर कोणत्या भाषेत लिहायचं? मुलानं चुकायचं कोणत्या भाषेत, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे, आणि तो एकदा विचारला की मराठी विरुद्ध इंग्रजी ही लढाई बरीचशी बाजूला पडते.

सेमीचा वर्ग ज्यांनी आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शाळा मराठी माध्यमाची, इतिहास-भूगोल मराठीतून, गणित आणि विज्ञान मात्र इंग्रजीतून, पुस्तकंही इंग्रजी. फळ्यावर एक त्रिकोण काढलेला आहे. बाई पुस्तकातलं वाक्य इंग्रजीतून वाचतात, मग पुस्तक मिटून टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "म्हणजे बघा, ह्या ट्रँगलची ही साइड अशी पुढे वाढवली. बाहेर हा जो अँगल झाला ना, तो आतल्या लांबच्या दोन अँगल्सच्या बेरजेएवढा असतो. का असतो?" थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणते, "बाई, सरळ रेषेवरचे पण वन एटी आणि आतले तिन्ही मिळून पण वन एटी. म्हणजे जवळचा अँगल दोन्हीकडून गेला."

जवळचा अँगल दोन्हीकडून गेला. प्रमेयाची संपूर्ण सिद्धता त्या एका वाक्यात आली आहे. ते ना धड मराठी आहे ना इंग्रजी, आणि गणित म्हणून त्याला नावं ठेवायला जागा नाही. तरी ते तिच्या उत्तरपत्रिकेत कधीही उतरणार नाही. तिथे ती 'थिअरम ऑफ रिमोट इंटिरिअर अँगल्स' असं कारण लिहील, स्पेलिंग पाठ करून. पुढच्या पायरीला गुणाकार आला तर ओठातल्या ओठात 'सात आठे छप्पन' म्हणेल. कागदावर काय लिहायचं आणि तोंडानं काय म्हणायचं, याची वाटणी मुलांनी आपापली करून टाकलेली असते. आपण फक्त कागद तपासतो.

अशा बोलण्याला धेडगुजरी म्हणून नाक मुरडणारे दोन्ही बाजूंना सापडतात. मराठीच्या अभिमान्यांना त्यात भाषेची विटंबना दिसते, तर इंग्रजी माध्यमाच्या शाळांत मराठी बोलल्याबद्दल दंड घेतल्याच्या कहाण्या आपण सगळ्यांनी ऐकलेल्या आहेत. परिणाम एकच होतो. ज्या मुलाला अर्धवट काहीतरी सुचलेलं आहे ते आधी वाक्य शुद्ध करत बसतं आणि तोवर वर्ग पुढे सरकलेला असतो. पूर्ण समजलेल्याला एक वेळ शुद्ध भाषा परवडते. अर्धवट समजलेल्याला ती परवडत नाही, आणि वर्गात बहुतेक जण बहुतेक वेळ अर्धवटच समजलेले असतात.

पालकांना मात्र मी या प्रकरणात दोष देणार नाही. 'मातृभाषेचं महत्त्व पालकांना कळत नाही' हे व्यासपीठावरचं आवडतं वाक्य मला उद्धट वाटतं. अकरावी-बारावीची विज्ञान शाखा व्यवहारात इंग्रजीच आहे, पुढे अभियांत्रिकी आणि वैद्यकही तसंच, हे पालकांना पक्कं ठाऊक असतं. सेमी इंग्रजी ही तडजोड कुठल्या भाषाशास्त्राच्या पुस्तकातून आलेली नाही. घरची भाषा सोडायची नाही आणि मुलाची वाटही अडवायची नाही, असं दुहेरी गणित घालणाऱ्या लोकांनी ती उचलून धरली, आणि पट घसरत चाललेल्या कितीतरी मराठी शाळा तिच्यामुळे तगून राहिल्या. इंग्रजीची ओढ ही सगळ्यांच्या बाबतीत सारखीही नसते. सावित्रीबाई फुल्यांच्या १८५४ सालच्या 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणारी कविता आहे. ज्यांना संस्कृत आणि शास्त्री-पंडितांची मराठी या दोन्हींनी दाराबाहेर ठेवलं, त्यांनी तिसऱ्या दारावर थाप मारली तर त्यांना स्वभाषेचा उपदेश करण्याचा अधिकार आतल्यांकडे उरत नाही.

याची सर्वांत रक्तरंजित साक्ष दक्षिण आफ्रिकेत मिळते. तिथल्या गोऱ्या राजवटीनं १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्यानंतर काळ्या मुलांना मातृभाषेतून शिकवण्याची वर्षं वाढवली. हेतू स्पष्ट होता: या मुलांनी त्यांच्या जागी राहावं. पुढे १९७४ मध्ये फर्मान निघालं, की गणित आणि समाजशास्त्र आफ्रिकान्समधून शिकवायचं. १६ जून १९७६ रोजी सोवेटोतली शाळकरी मुलं त्याविरुद्ध रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. गणित कोणत्या भाषेत शिकायचं यावरून मुलं मेली आहेत. अशा देशात मातृभाषेचा पुरस्कार करणाऱ्याकडे लोकांनी संशयानं पाहिलं तर नवल नाही. तिथल्या गणितशिक्षणाच्या अभ्यासक ममोखेती फाकेंग यांनी वर्गावर्गांत जाऊन शिक्षक आणि मुलांना विचारलं, तेव्हा बहुतेकांनी इंग्रजीच हवी म्हणून सांगितलं. कारणं गणिताची नव्हती. नोकरी, विद्यापीठ आणि मान यांची होती. फाकेंग यांनी त्यावर त्यांना मातृभाषेचे फायदे पटवत बसण्याऐवजी वेगळा मार्ग धरला. गणिताची कृतिपत्रिका इंग्रजीत द्यायची आणि तीच मुलाच्या घरच्या भाषेतही द्यायची. दोन्ही समोर ठेवून मुलांनी हवं तसं वाचावं, हव्या त्या भाषेत आपसात भांडावं. इंग्रजी काढून घेतली जाणार नाही याची खात्री पटल्यावर घरची भाषा वापरायची लाज उरत नाही, ही त्यातली मेख आहे. मला ती आपल्याकडेही पटण्यासारखी वाटते.

आपल्याकडचा वाद किती जुना आहे हे मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या १८४७ सालच्या कागदांत दिसतं. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे. विरुद्ध बाजूला कर्नल जॉर्ज जर्व्हिस, ज्यांनी त्याआधी वीस-पंचवीस वर्षं पंडितांना हाताशी धरून गणिताची मराठी पुस्तकं तयार करवली होती आणि मुंबईत मराठीतून अभियांत्रिकीचं शिक्षण देणारी शाळा चालवली होती. जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे बोर्डावरचे तिन्ही एतद्देशीय सदस्य जर्व्हिसच्या बाजूनं उभे राहिले. मराठीतून भूमिती आणि यंत्रविद्या शिकवता येते का, हा प्रश्न त्या माणसांनी शिकवून सोडवलेला होता. १८५४ च्या वुडच्या खलित्यानं मग तोडगा काढला: खालचं शिक्षण देशी भाषांत, वरचं इंग्रजीत. दहावीनंतर मराठी माध्यमाचा मुलगा अकरावी विज्ञानाच्या पहिल्या तासाला बसतो आणि 'त्वरण' रातोरात 'ॲक्सलरेशन' होतं, ते त्या खलित्यामुळे. इतक्या वर्षांत एवढंच झालं, की सेमीनं तो उंबरठा उचलून चार-सहा इयत्ता अलीकडे आणून ठेवला.

जर्व्हिस-शंकरशेटांच्या पक्षाची म्हणून जी बाजू आज मांडली जाते तिच्यात मात्र एक मोठी खोट आहे. पाठ्यपुस्तकातली मराठी ही कुणाच्या घरची भाषा आहे? प्रकाशाचे अपवर्तन, सापेक्ष घनता, अनुतरंग. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं. तिथल्या वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरात आणि मुंबईच्या महापालिका शाळांमध्ये जे काम केलं, त्यातला एक भाग विज्ञानाच्या मराठी पुस्तकांची भाषा सोपी करून पाहण्याचा होता. आशय तोच ठेवून वाक्यं साधी केली, तर मुलांना विज्ञान जास्त कळतं, असं त्यांना दिसलं. म्हणजे मराठी माध्यमातल्या मराठी मुलासमोरही भाषेची भिंत होतीच, फक्त तिच्यावर इंग्रजीची पाटी नव्हती. आणि मेळघाटात कोरकू, भामरागडला माडिया किंवा धडगावला पावरी बोलणारं पोर? त्याच्या शाळेच्या भिंतीवर 'मातृभाषेतून शिक्षण' लिहिलेलं असतं आणि ते मराठीत लिहिलेलं असतं.

२०१९ सालचा प्रसंग इथे आठवतो, कारण आपल्याला या प्रश्नाचं किती वावडं आहे हे तेव्हा उघड झालं. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणित पुस्तकात 'तेवीस'बरोबर 'वीस तीन' असं संख्यावाचन आलं. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचं कारण साधं होतं. आपण २३ लिहिताना दोन आधी लिहितो आणि म्हणताना तीन आधी म्हणतो, शिवाय जोडाक्षरं लहान मुलांना जड जातात. अडचण खरी आहे. एकोणसाठ म्हटल्यावर ६९ लिहिणारी मुलं दुसरी-तिसरीच्या कुठल्याही वर्गात भेटतात. सेमीच्या मुलाची तर आणखी कुचंबणा: तासाला 'ट्वेंटी थ्री', घरी दुकानात पाठवलं की 'तेवीस रुपये'. कन्नड-तेलुगूत दशक आधी येतो, जर्मन लोक आपल्यासारखे एकक आधी म्हणतात, तेव्हा यात मराठीचा कमीपणा काही नाही. पण बातमी फुटली आणि विधानसभेत विनोद झाले, समाजमाध्यमांवर भाषा बुडाल्याचे गळे निघाले. मला स्वतःला 'वीस तीन' कानाला बरं वाटत नाही आणि बाजारात ते कुणी म्हणणारही नाही. पहिले काही महिने संख्या कळेपर्यंत टेकू म्हणून घ्यावं आणि मग सोडून द्यावं, एवढीच त्याची किंमत. दुःख याचं, की आकडा मुलाच्या कानात कसा पडतो हे एका गणितज्ञ बाईंनी जाहीरपणे विचारलं आणि महाराष्ट्रानं ते हसण्यावारी नेलं.

इंग्रजीतल्या अवघड शब्दांची धास्ती आपण उगाच घेतो, असंही मला वाटतं. 'फोटोसिंथेसिस' मुलं आठवड्यात गिळतात. अडखळतात ती बारीक शब्दांवर: अनलेस, रिस्पेक्टिव्हली, ॲट मोस्ट, इफ अँड ओन्ली इफ. दोन नाणी उडवली, ॲट लीस्ट एक हेड येण्याची संभाव्यता किती? कित्येक मुलं दोन्ही नाण्यांवर हेड आलेली शक्यता सोडून देतात आणि दोन भागिले चार लिहून मोकळी होतात. पुस्तकी मराठीत 'किमान एक छापा' केलं तरी फार फरक पडत नाही. 'एक तरी छापा आला पाहिजे' असं म्हणून बघा, आणि लगेच विचारा, दोन आले तर चालतील का? "चालतील की!" तीन भागिले चार. त्यानंतर फळ्यावर 'ॲट लीस्ट' लिहायचं आणि त्याचा अर्थ 'एक तरी'मध्ये कसा बसतो ते दाखवायचं. तो इंग्रजी शब्द मुलाच्या कायमचा कामी येईल. हे करायला बाईंना मराठी यायला हवी, इंग्रजी यायला हवी आणि संभाव्यताही. तिसरीची खात्री आपण सहसा करत नाही, पण तो वेगळा विषय.

आता निवडीबद्दल. मुलांना भाषा निवडायचं स्वातंत्र्य आहे, असं कागदोपत्री दिसतं. जेईई मेन आणि नीट या दोन्ही परीक्षा आज मराठीसह तेरा भाषांत देता येतात. पण नीटच्या सूचनांमध्ये असतं, की भाषांतरात काही संदिग्धता निघाली तर इंग्रजी प्रश्न अंतिम धरला जाईल. २०१८ च्या नीटमध्ये तमिळ प्रश्नपत्रिकेतल्या ४९ प्रश्नांत भाषांतराच्या चुका असल्याची तक्रार झाली. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठानं प्रत्येकी चार याप्रमाणे १९६ गुण द्यायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश आधी स्थगित केला, नंतर रद्द केला. सगळ्यांना सरसकट गुण देणं योग्य नव्हतं हे मान्य केलं, तरी हे पाहणाऱ्या पुढच्या वर्षीच्या मुलानं काय करायचं? तो पेपर इंग्रजीतून देणार. मग आपण आकडे काढणार आणि म्हणणार, बघा, मागणीच नाही.

सरकारी पातळीवर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणं तर त्याहून महाग पडतं. मलेशियानं २००३ मध्ये गणित आणि विज्ञान मलायमधून काढून इंग्रजीत नेलं, २००९ मध्ये ते चुकल्याचं ठरवलं आणि २०१२ पासून परत फिरायला सुरुवात केली. मधल्या वर्षांतली मुलं ना इकडची ना तिकडची राहिली. आपल्याकडेही अभियांत्रिकी मराठीतून आणि वैद्यक हिंदीतून अशा घोषणा अधूनमधून होतात. त्यांना माझा विरोध नाही. पण भोपाळला २०२२ मध्ये मोठ्या समारंभात प्रकाशित झालेल्या एमबीबीएसच्या हिंदी पुस्तकांत बहुतेक संज्ञा इंग्रजीच, देवनागरीत लिहिलेल्या, अशी त्यांची टिंगल झाली तेव्हा मला ती टिंगल पटली नाही. डॉक्टर माणूस बोलतो तसंच तर ते लिहिलं होतं. पुस्तकात खोट असेलच तर ती समजावणारी वाक्यं कितपत सरळ आहेत यात शोधायला हवी.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये एक शहाणपणाची तरतूद आहे. तिच्याबद्दल कुणी घोषणा देत नाही, कारण ती कुठल्याच छावणीच्या सोयीची नाही. गणित आणि विज्ञानाची पुस्तकं द्विभाषिक असावीत, म्हणजे मुलांना या विषयांत घरच्या भाषेत आणि इंग्रजीत, दोन्हींत विचार करता आणि बोलता येईल, असा तिचा आशय आहे. बालभारतीची मराठी विज्ञानाची पुस्तकं संज्ञांपुढे कंसात इंग्रजी शब्द देतातच. पण कंसातला शब्द मुलाला फक्त ओळखता येतो. वापरता यायचा तर वाक्य लागतं, आणि वाक्याला ऐकणारा लागतो.

म्हणून मी मागेन ते थोडंसंच आहे. दहावी-बारावीची गणित-विज्ञानाची प्रश्नपत्रिका एकाच कागदावर दोन्ही भाषांत शेजारी शेजारी छापावी, मुलगा कुठल्याही माध्यमाचा असो. 'कारण द्या' आणि 'स्पष्ट करा' या प्रश्नांची उत्तरं मिश्र भाषेत लिहिली तरी गुण कापू नयेत. दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण बहुतेक ठिकाणी प्रयोगवही आणि गृहपाठ पाहून वाटले जातात. त्यातले पाच, मुलाला समोर उभं करून त्याच्या भाषेत 'हे असं का होतं ते मला सांग' असं विचारून द्यावेत. तिथे 'जोर' बाहेर येईल. कोरकू मुलासाठी ऐकणारा माणूस त्याची भाषा जाणणारा लागेल, आणि तो आज पुरेसा मिळत नाही. याचं उत्तर माझ्याजवळ नाही.

मुलं मग इंग्रजी शिकणारच नाहीत, हा आक्षेप मी फारसा मनावर घेत नाही. ज्या समाजात पालक पोटाला चिमटा काढून इंग्रजीचे पैसे भरतात तिथे इंग्रजीला संरक्षणाची गरज नाही. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: असले मिश्र पेपर तपासणार कोण, आणि दोन परीक्षकांचे गुण जुळणार कसे? बोर्डाचे गठ्ठे तपासतात ती माणसं वर्षभर वर्गात 'बाहेरचा अँगल' आणि 'जवळचा गेला' म्हणत शिकवत असतात. ती भाषा त्यांच्याइतकी चांगली वाचणारा दुसरा कुणी नाही. नियामकांच्या बैठकीत नमुना उत्तरं देताना इंग्रजी उत्तराबरोबर मुलांनी खरोखर लिहिलेली अशी दहा-बारा उत्तरं, त्यांना किती गुण द्यायचे आणि का, हे लिहून वाटलं तर काम सुरू होऊ शकतं. पहिल्या वर्षी वाद होतील. ते शिक्षकांच्या खोलीत, गठ्ठ्यांवर वाकून, नेमक्या एकेका वाक्यावरून होतील, आणि माध्यमाचा वाद तिथे व्हावा असं मला फार दिवसांपासून वाटतं.